मेनूत शॉर्टकट आहे, पण आयकॉनच्या जागी दातेरी चाक दिसते (उबुंटू २४.०४)

ग्रंथपेटी
नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात तीन जुने संगणक आहेत आणि त्यांची देखभाल मी फावल्या वेळात करतो. तिन्हींवर उबुंटू २४.०४ टाकले असून डेस्कटॉप नेहमीचा ग्नोम आहे. संगणक उत्तम चालतात. तक्रार आहे ती केवळ आयकॉनची.

पहिला प्रोग्राम पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा आहे. तो जावामध्ये लिहिलेला असून झिप फाईल उलगडून /ऑप्ट या फोल्डरमध्ये ठेवला आहे. त्याचा शॉर्टकट मेनूत दिसतो, त्यावर टिचकी मारली की प्रोग्राम उघडतोही, परंतु आयकॉनच्या जागी एक दातेरी चाक दिसते. गंमत अशी की तीनपैकी एका संगणकावर, जो ग्रंथपाल बाई वापरतात, हाच आयकॉन व्यवस्थित दिसतो. तिन्हीकडे मी त्याच पेन ड्राइव्हवरून त्याच फाईली उतरवल्या होत्या.

दुसरा प्रोग्राम मुलांसाठीचा चित्रे काढण्याचा असून तो ॲपइमेज, म्हणजे सबंध प्रोग्राम एकाच फाईलमध्ये असलेल्या स्वरूपात आहे. त्याचा शॉर्टकट मी स्वतः लिहिला आणि त्याचा आयकॉन कुठल्याच संगणकावर कधीही दिसलेला नाही. तिसरी गोष्ट अशी की नोंदणीचा प्रोग्राम सुरू केला की डाव्या पट्टीवर त्याच्या शॉर्टकटखाली ठिपका न येता आणखी एक वेगळे चाक उगवते.

डेस्कटॉपचा डेटाबेस नव्याने बांधणारी आज्ञा दिली, संगणक पुन्हा सुरू करून पाहिले, थीम बदलून पाहिली. फरक पडलेला नाही. कोठून सुरुवात करावी?

टर्मिनलवासी
ग्रंथपेटी, तुम्ही एका दमात तीन वेगळे प्रश्न विचारले आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा तीन वेगळीच निघतील, म्हणून आधी ते सुटे करू. मेनूत चाक दिसते तेव्हा शॉर्टकटच्या फाईलमध्ये लिहिलेले चित्र प्रणालीला सापडलेले नसते. पट्टीवर दुसरे चाक उगवते तेव्हा चित्राचा काही संबंध नसतो. उघडलेली खिडकी कोणत्या शॉर्टकटची आहे हेच प्रणालीला ओळखता आलेले नसते. त्यामुळे पट्टीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा.

डेटाबेस बांधणाऱ्या ज्या आज्ञेचा तुम्ही उल्लेख केला आहे ती जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सुचवली जाते आणि आयकॉनच्या बाबतीत तिचा काडीचाही उपयोग नसतो. कोणत्या प्रकारची फाईल कोणत्या प्रोग्रामने उघडावी याची यादी ती तयार करते, एवढेच तिचे काम आहे.

शॉर्टकट म्हणजे साध्या मजकुराची एक फाईल असते आणि तिच्या नावाच्या शेवटी डॉट डेस्कटॉप असते. ती कशी लिहावी याचे नियम फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने ठरवून दिले आहेत आणि ग्नोम, केडीई, एक्सएफसीई हे सगळे डेस्कटॉप तेच पाळतात. तिच्यातील 'आयकॉन' या ओळीत दोनच प्रकारचा मजकूर चालतो. एक तर चित्राचा मुळापासून, म्हणजे तिरप्या रेघेपासून सुरू होणारा पूर्ण मार्ग लिहावा, नाहीतर पीएनजी किंवा एसव्हीजी असे शेपूट न लावता केवळ नाव लिहावे. नुसते नाव असेल तर प्रणाली ते आधी चालू थीममध्ये शोधते, तेथे न मिळाल्यास 'हायकलर' नावाच्या सामाईक थीममध्ये शोधते, आणि तेथेही न मिळाल्यास 'पिक्समॅप्स' या जुन्या फोल्डरमध्ये डोकावते. कोठेच न सापडल्यास चाक दाखवते. चूक झाल्याचा संदेश देण्याची पद्धत येथे नाही, आणि सगळा गोंधळ त्यामुळेच होतो.

दोन्ही शॉर्टकटच्या फाईलींमधील मजकूर येथे द्यावा. आज्ञांची व फोल्डरांची नावे आपण येथे उच्चाराप्रमाणे लिहीत आहोत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

ग्रंथपेटी
सविस्तर उत्तराबद्दल आभार. महत्त्वाच्या वाटल्या त्या ओळी देत आहे.

नोंदणीच्या प्रोग्रामची फाईल /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स येथे आहे. तिच्यात 'नेम', 'एक्झेक' आणि 'आयकॉन' या ओळी आहेत. आयकॉनपुढे 'लायब्ररी-रजिस्टर' एवढेच रोमन लिपीतील नाव आहे आणि त्याच नावाची पीएनजी फाईल हायकलरच्या २५६ बाय २५६ या फोल्डरातील 'ॲप्स' या उपफोल्डरात आहे. हे मी तिन्ही संगणकांवर डोळ्यांनी पाहून खात्री केली आहे.

चित्रांच्या प्रोग्रामची फाईल माझ्या खात्याच्या लपवलेल्या डॉट-लोकल फोल्डरात, शेअर आणि त्यातील ॲप्लिकेशन्स येथे आहे. तिच्यात आयकॉनपुढे दुहेरी अवतरणचिन्हांत नागमोडी रेघ, तिरपी रेघ, डाउनलोड्स आणि पुढे चित्राचे नाव असे लिहिले आहे. चित्राच्या नावात मध्ये मोकळी जागा असल्यामुळे अवतरणचिन्हे घातली होती.

टर्मिनलवासी
चित्रांच्या प्रोग्रामचे कारण तुमच्या त्या एका ओळीतच आहे, आणि एक नव्हे तर दोन कारणे आहेत.

नागमोडी रेघ म्हणजे 'माझे घर', अर्थात खात्याचे स्वतःचे फोल्डर, हा अर्थ टर्मिनलच्या शेलला, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामला, कळतो. शॉर्टकटची फाईल वाचताना शेल मध्ये कोठेच येत नाही, त्यामुळे ती रेघ नावातील एक अक्षर म्हणून जशीच्या तशी राहते. मार्ग तिरप्या रेघेपासून सुरू होत नाही असे पाहून प्रणाली त्या सबंध मजकुरालाच आयकॉनचे नाव समजते आणि त्या विचित्र नावाचे चित्र थीममध्ये शोधत बसते. 'होम' या नावाचा चल (व्हेरिएबल) डॉलरचिन्हासह लिहिला असता तरी हेच झाले असते.

अवतरणचिन्हांचेही तसेच आहे. 'एक्झेक' या, प्रोग्राम सुरू करण्याची आज्ञा असलेल्या ओळीत मार्गामध्ये मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा लागतो, कारण तेथे आज्ञेचे तुकडे पाडायचे असतात. 'आयकॉन' या ओळीत तुकडे पाडायचेच नसल्याने अवतरणचिन्हे नावाचाच भाग बनतात. एकाच फाईलमध्ये दोन ओळींना दोन नियम असणे गैरसोयीचे आहे हे मला मान्य आहे, पण आहे ते असे आहे. ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही नावात धरली जाऊ शकते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कर्सर ओळीच्या टोकाशी नेऊन एकदा पाहून घ्यावे. लहान-मोठ्या रोमन अक्षरांतील फरकही येथे चालत नाही.

चित्र डाउनलोड्समध्ये ठेवू नये, हे वेगळे सांगायला नकोच. ते तुमच्या डॉट-लोकल फोल्डरातील शेअर, आयकॉन्स, हायकलर येथे योग्य मापाच्या फोल्डरात ठेवा आणि ओळीत नुसते नाव लिहा.

नोंदणीच्या प्रोग्रामचे मात्र मला कोडे पडले आहे. तुम्ही दिलेल्या माहितीनुसार तो आयकॉन दिसायलाच हवा.

जुनी खिडकी
मी केडीई वापरते, म्हणून माझ्या अनुभवातील थोडा फरक नोंदवून ठेवते. पुढे कोणी हा धागा शोधत आले तर उपयोगी पडेल. केडीईच्या प्लाझ्मा या डेस्कटॉपवर शॉर्टकटची फाईल बदलूनही मेनूत जुनेच चित्र राहिले, तर 'के-बिल्ड-सायकोका' ही आज्ञा द्यावी, आणि तिच्या नावाच्या शेवटी प्लाझ्मा ५ असेल तर ५ व प्लाझ्मा ६ असेल तर ६ हा आकडा लावावा. तेवढ्याने न भागल्यास घरच्या डॉट-कॅश फोल्डरातील 'आयकॉन-कॅश' या नावाची केकॅश फाईल काढून टाकून पुन्हा लॉगिन करावे. ती फाईल प्रणाली स्वतः पुन्हा तयार करते, त्यामुळे ती काढताना हात थरथरण्याचे कारण नाही.

डाउनलोड्सच्या बाबतीत आणखी एक. सत्राची भाषा मराठी केल्यावर नेहमीच्या फोल्डरांची नावेही मराठी करावीत का, असे उबुंटू विचारते. 'होय' म्हटले की मराठी नावाचे नवे फोल्डर तयार होते, मग आपण आवरासावर करताना फाईली तिकडे हलवतो आणि जुना मार्ग लिहिलेले सगळे शॉर्टकट ओके-बोके होतात. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर नेमके हेच झाले होते.

ग्रंथपेटी
चित्रांच्या प्रोग्रामबाबत प्रगती शून्य आहे, पण प्रयत्न प्रामाणिक आहेत. आयकॉनचे चित्र ५०० बाय ५०० पिक्सेलचे होते, म्हणून हायकलरमध्ये ५०० बाय ५०० नावाचे फोल्डर तयार केले, त्यात ॲप्स तयार केले आणि चित्र तेथे ठेवले. मग एके ठिकाणी वाचून 'जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅश' ही आज्ञा दिली. थीमची अनुक्रम फाईल सापडत नाही अशी तिने तक्रार केली, तेव्हा तेथेच सुचवल्याप्रमाणे वजा टी हा पर्याय जोडला आणि मग तिने मुकाट्याने काम केले. लॉगआउट करून परत आलो. चाक जागेवरच.

नंतर लक्षात आले की २५६ बाय २५६ हे फोल्डर तेथे आधीपासूनच आहे, दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रामने केलेले. म्हणून चित्र लहान करून तिकडे हलवले. तरीही चाकच.

टर्मिनलवासी
तुमची पहिली पायरी चुकली होती. दुसरी बरोबर होती, पण पहिल्या पायरीने मागे ठेवलेल्या वस्तूने तिला अडवले. हे थोडे सविस्तर सांगतो, कारण एवढे एक समजले की पुढचे बरेच श्रम वाचतात.

हायकलर थीमच्या मुळाशी 'इंडेक्स डॉट थीम' नावाची एक फाईल असते आणि कोणकोणत्या मापांची फोल्डरे पाहायची याची यादी तिच्यात असते. १६, २२, २४, ३२, ४८, ६४, १२८, २५६, ५१२ आणि एसव्हीजीसाठीचे 'स्केलेबल' अशी ठरलेली नावे त्या यादीत आहेत. ५०० बाय ५०० त्यात नाही, म्हणून त्या फोल्डरात प्रणाली पाऊलही टाकत नाही. चित्राचे माप तंतोतंत जुळण्याची गरज नसते. ५०० पिक्सेलचे चित्र ५१२ च्या फोल्डरात ठेवले असते तरी ते खुशाल दिसले असते. फोल्डरचे नाव मात्र यादीतलेच हवे.

आता कॅशे. तुम्ही दिलेल्या आज्ञेने हायकलर फोल्डरात 'आयकॉन-थीम डॉट कॅश' ही फाईल तयार केली. कोणत्या फोल्डरात कोणते चित्र आहे याची ती जंत्री असते आणि ती असली की प्रणाली प्रत्यक्ष फोल्डरे न चाळता जंत्रीवर विश्वास ठेवते. जंत्री शिळी झाली आहे का हे ती एकाच गोष्टीवरून ठरवते: हायकलर या वरच्या फोल्डरची बदलल्याची वेळ जंत्रीच्या वेळेनंतरची आहे का. तुम्ही नंतर चित्र हलवलेत ते २५६ बाय २५६ मधील ॲप्समध्ये. त्यामुळे त्या आतल्या ॲप्स फोल्डरची वेळ बदलली, वरच्या हायकलरची बदलली नाही. तुमचे चित्र ५०० च्या फोल्डरात आहे असे जंत्री अजूनही सांगते आहे आणि प्रणाली तिला ताजीच समजते आहे.

एक तर ती कॅशे फाईल काढून टाका, नाहीतर 'टच' ही आज्ञा हायकलर फोल्डरवर चालवा म्हणजे त्याची वेळ आत्ताची होईल. मी स्वतः घरच्या फोल्डरातील कॅशे काढूनच टाकतो. पाच-दहा चित्रांसाठी जंत्री ठेवण्यात काही मिळकत नाही. सर्वांसाठीच्या /यूएसआर/शेअर मधील कॅशेला मात्र हात लावू नये. नवे पॅकेज बसवताना ती आपोआप ताजी केली जाते.

ग्रंथपेटी
कॅशे फाईल काढली, लॉगआउट करून पुन्हा आत आलो, आणि मेनूत रंगांची पेटी दिसली! एका चौकोनी चित्रासाठी इतका आनंद व्हावा हे हास्यास्पद आहे, पण झाला खरा.

उपरा
धाग्याच्या विषयात माझाही प्रश्न बसतो, म्हणून येथेच विचारतो. माझ्याकडे एका प्रोग्रामचा आयकॉन काही आठवडे नीट दिसतो आणि मग एके दिवशी अचानक नाहीसा होतो. प्रोग्राम स्नॅप या, उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजांच्या स्वरूपातला आहे. त्याच्या शॉर्टकटमध्ये एक पर्याय वाढवायचा होता, म्हणून मी मूळ फाईलची प्रत माझ्या घरच्या ॲप्लिकेशन्स फोल्डरात आणून ठेवली होती.

टर्मिनलवासी
उपरा, तुमच्या प्रतीतील आयकॉनची ओळ पाहा. तिच्यात /स्नॅप, मग प्रोग्रामचे नाव आणि त्यानंतर एक आकडा असेल. तो आवृत्तीचा क्रमांक असतो. प्रोग्राम अद्ययावत झाला की मूळ फाईलमधील आकडा स्नॅपची यंत्रणा बदलते, पण तुमच्या प्रतीला ती हात लावत नाही. आणि एकाच नावाच्या दोन शॉर्टकट फाईली असल्या तर घरची फाईल वरचढ ठरते. जुन्या आवृत्त्या काही काळाने पुसल्या जातात आणि त्या दिवशी तुमचे चित्र जाते. आकड्याच्या जागी 'करंट' हा शब्द रोमन लिपीत लिहावा; तो नेहमी चालू आवृत्तीकडे बोट दाखवतो.

पाटीपेन्सिल
ग्रंथपेटी, मी काही वर्षे मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणात थोडेफार काम केले आहे आणि तुमचा नोंदणीचा प्रश्न वाचल्यापासून मला एक शंका सतावते आहे. ग्रंथपाल बाईंचा संगणक इंग्रजीत चालतो आणि उरलेले दोन मराठीत, असे तर नाही ना? तसे असेल तर कृपया ती शॉर्टकट फाईल एकही ओळ न गाळता येथे द्यावी. तुम्ही 'महत्त्वाच्या वाटल्या त्या' ओळी दिल्या आहेत. मला बिनमहत्त्वाच्या हव्या आहेत.

ग्रंथपेटी
आपण हे कसे ओळखलेत? बाईंना इंग्रजी मेनूची सवय असल्यामुळे त्यांचे सत्र इंग्रजीत आहे. वाचकांचे दोन संगणक मराठीत आहेत. मला ते सांगण्यासारखेही वाटले नव्हते.

संपूर्ण फाईल पाहिली. 'नेम' या ओळीखाली, चौकटी कंसात एमआर ही अक्षरे असलेली दुसरी 'नेम' ओळ आहे आणि तिच्यापुढे 'ग्रंथ नोंदवही' असे आहे. 'कॉमेंट'चीही तशीच मराठी जोड-ओळ आहे. आणि 'आयकॉन' या ओळीखालीही चौकटी कंसात एमआर असलेली एक ओळ असून तिच्यापुढे देवनागरीत 'ग्रंथ-नोंदवही' असे लिहिले आहे. 'एक्झेक'लाही तशी जोड आहे! उन्हाळ्याच्या सुटीत एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने प्रोग्रामचे मराठीकरण मोठ्या हौसेने करून दिले होते. त्याने बिचाऱ्याने समोर आलेली प्रत्येक ओळ मराठीत आणलेली दिसते.

पाटीपेन्सिल
मग 'आयकॉन'ची ती जोड-ओळ तेवढी पुसून टाका, आयकॉन परत येईल.

झाले काय ते सांगते. चौकटी कंसातील एमआर म्हणजे मराठीचा भाषासंकेत. सत्र मराठीत असेल तर प्रणाली आधी ती ओळ वाचते आणि ती असली की कंसाविना असलेल्या मूळ ओळीकडे पाहतही नाही. नाव आणि वर्णन यांसाठी हे हवेच, त्यामुळेच तर मेनूत 'ग्रंथ नोंदवही' वाचायला मिळते. परंतु नियमांनुसार आयकॉनच्या ओळीलाही अशी भाषेची जोड देता येते. चित्रातच एखादे अक्षर रेखाटले असेल तर भाषेगणिक वेगळे चित्र देण्यासाठी तिचा उपयोग होऊ शकतो. प्रत्यक्षात मी तसा वापर फारसा पाहिलेला नाही. तुमच्या दोन्ही संगणकांवर प्रणालीने 'ग्रंथ-नोंदवही' नावाचे चित्र शोधले, तसे चित्र अस्तित्वातच नव्हते, आणि चाक दाखवले. इंग्रजी सत्रात ती ओळ वाचलीच गेली नाही, म्हणून तेथे सर्व सुरळीत होते.

'एक्झेक'च्या बाबतीत नियम वेगळा आहे. ती ओळ भाषेनुसार बदलत नाही, तिच्या जोड-ओळीकडे दुर्लक्ष होते. म्हणूनच तुमचा प्रोग्राम उघडत होता, आणि म्हणूनच कोणाला भाषांतराचा संशय आला नाही.

त्या विद्यार्थ्याला रागावू नका. ही चूक जगभरच्या भाषांतरकारांच्या हातून होऊ शकते, आणि म्हणूनच ग्नोमच्या भाषांतराच्या फाईलींमध्ये अशा शब्दाच्या डोक्यावर ठळक सूचना असे: याचे भाषांतर करू नका, लिप्यंतरही करू नका, हे आयकॉनच्या फाईलचे नाव आहे. मी नवखी असताना मला ती सूचना अतिसावधपणाची वाटली होती. भाषांतर समजू शकते, पण लिप्यंतर कोण करील, असे मनात आले होते. त्याच आठवड्यात मी स्वतःच एका नावाचे लिप्यंतर करून पाठवले आणि तपासणाऱ्याने ते परत धाडले.

जाता जाता एक सुचवते. त्या फाईलमध्ये 'कीवर्ड्स' या ओळीची मराठी जोड अवश्य ठेवा आणि तिच्यात पुस्तक, देवघेव, नोंद, वाचनालय असे शब्द अर्धविरामांनी वेगळे करून लिहा. मग शोधपेटीत मराठीत टंकूनही प्रोग्राम सापडेल.

टर्मिनलवासी
पाटीपेन्सिलताई, हे माझ्या ध्यानातच आले नसते. माझे सत्र कायम इंग्रजीत असते, त्यामुळे माझ्या डोळ्यांना चौकटी कंसातील ओळी केवळ गर्दी वाटतात. शॉर्टकटची फाईल तपासणारी 'डेस्कटॉप-फाईल-व्हॅलिडेट' ही आज्ञा सुचवण्याच्या बेतात होतो, पण ती केवळ फाईलची रचना तपासते; लिहिलेल्या नावाचे चित्र जागेवर आहे का हे ती पाहत नाही, त्यामुळे तिनेही येथे फार साथ दिली नसती.

आता पट्टीवरचे दुसरे चाक. प्रत्येक खिडकी उघडताना आपली एक ओळख सांगते. शॉर्टकटमधील 'स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लास' ही ओळ किंवा शॉर्टकट फाईलचे नाव त्या ओळखीशी जुळले, तर खिडकी त्या शॉर्टकटची मानली जाते. न जुळल्यास ती पोरकी ठरून तिला स्वतंत्र चाक मिळते. जावाच्या प्रोग्रामांची ओळख बहुतेक वेळा प्रोग्रामच्या मुख्य वर्गाच्या (क्लासच्या) लांबलचक नावावरून बनते आणि शॉर्टकटच्या नावाशी तिचे काही नाते नसते. नोंदणीचा प्रोग्राम उघडा ठेवून ऑल्ट आणि एफ२ दाबा, आलेल्या चौकटीत एल आणि जी ही दोन लहान अक्षरे टंकून एंटर करा. तेथे 'विंडोज' या भागात तुमच्या खिडकीपुढे 'डब्ल्यूएम-क्लास' म्हणून जे लिहिलेले असेल ते जसेच्या तसे, अक्षराचाही फरक न करता, शॉर्टकटमध्ये उतरवा. बाहेर पडण्यासाठी एस्केप दाबा.

ग्रंथपेटी
जोड-ओळ पुसली आणि दोन्ही मराठी संगणकांवर नोंदणीचा आयकॉन आला. खिडकीची ओळख म्हणून टिंबांऐवजी आडव्या रेघांनी जोडलेले एक हातभर लांब नाव निघाले; ते शॉर्टकटमध्ये लिहिल्यावर पट्टीवरचे जास्तीचे चाकही गेले. 'कीवर्ड्स'ची ओळ घातली आहे.

एकच कसर उरली आहे. चित्रांचा प्रोग्राम मुलांच्या खात्यातही दिसावा म्हणून त्याची शॉर्टकट फाईल /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स येथे ठेवली. मुलांच्या खात्यात माझ्या घरची थीम वाचली जाणार नाही हे कळत होते, म्हणून आयकॉनच्या ओळीत माझ्या घरातील चित्राचा पूर्ण मार्ग दिला, नागमोडी रेघ आणि अवतरणचिन्हे टाळून. माझ्या खात्यात चित्र दिसते. मुलांच्या खात्यात पुन्हा चाक.

जुनी खिडकी
तुमच्या घराला कुलूप आहे. उबुंटू २१.०४ पासून नव्या खात्याचे घरचे फोल्डर इतर खात्यांना उघडता येत नाही, त्यामुळे मार्ग अचूक असूनही मुलांच्या सत्राला त्या चित्रापर्यंत पोहोचताच येत नाही. ॲपइमेजची फाईलही तुमच्याच घरात असेल, तर आयकॉन आल्यावरही टिचकी मारून काही उघडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

ॲपइमेज /ऑप्टमध्ये हलवा. चित्र /यूएसआर/लोकल/शेअर/आयकॉन्स/हायकलर येथील २५६ बाय २५६ मधील ॲप्समध्ये ठेवा, ही फोल्डरे नसतील तर तयार करा, आणि शॉर्टकटमध्ये पुन्हा नुसते नाव लिहा. प्रशासकाच्या अधिकाराने प्रत केलेली फाईल इतरांना वाचता येते ना, हेही पाहून घ्या. चित्राला ६४४ आणि फोल्डरांना ७५५ अशी परवानगी असली की झाले. घराचे कुलूप काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

ग्रंथपेटी
सांगितल्याप्रमाणे केले. ॲपइमेजला चालवण्याची परवानगी द्यायची मी विसरलो होतो, ती पहिल्याच टिचकीला लक्षात आली. आज संध्याकाळी तिन्ही संगणकांवर, सगळ्या खात्यांतून आत जाऊन, मेनू वरपासून खालपर्यंत पाहिला. एकच दातेरी चाक शिल्लक आहे. ते सेटिंग्जचे आहे आणि ते तेथे असायलाच हवे.